‘टेन्शन आलं की डोळा येतो’ : गुऱ्हाळावरचं एक प्रकरण

गेल्या काही वर्षांतल्या केसपेपरांपैकी एक मी टेबलाच्या खणात वेगळा ठेवलाय. पहिल्याच पानावर माझ्या हातचं लिहिलेलं आहे, ‘कारण : ताण?’ ते प्रश्नचिन्ह होतं म्हणून थोडी तरी लाज राहिली. रुग्ण करवीर तालुक्यातल्या पंचगंगाकाठच्या एका गावचे, वय तेव्हा ३५, घरचं गुऱ्हाळ. ओळख पटेल असे तपशील बदललेत. इथं त्यांना गूळवाले म्हणू, त्यांच्या बायकोला वहिनी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आले ते डाव्या हातानं उजवा डोळा झाकून. पाडव्याचा मुहूर्ताचा सौदा होऊन गेला होता आणि गुऱ्हाळ चोवीस तास पेटलेलं होतं. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, “म्याडम, ह्यात काय बघायचं न्हाई. टेन्शन आलं की डोळा येतोय आपला. चौथी टाइम हाय ही.”

डोळे येणं म्हणजे साथीचं, चिकट चिपडं धरणारं, एकाचं घरातल्या सगळ्यांना होणारं. इथं चिपडं अजिबात नव्हती. लाली पापणीच्या आतल्या बाजूला नव्हती, कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक काचेच्या, कडेनं गोल, जांभळट कडं असावं तशी होती. चांगल्या डोळ्यावर बॅटरी मारली तरी दुखऱ्या डोळ्यात कळ गेली. नजर ६/२४, म्हणजे चांगलीच अंधुक. हे सगळं एकत्र दिसलं की नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्प या तपासणीच्या यंत्राच्या उजेडाची पट्टी बारीक करून डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात डोकावतो. गुऱ्हाळाच्या पत्र्याला भोक असेल तर दुपारी त्यातून कवडसा पडतो आणि त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. हुबेहूब तसंच दिसतं, फक्त ते कण म्हणजे पांढऱ्या पेशी असतात. निरोगी डोळ्यात ही जागा काचेसारखी स्वच्छ असते. एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटरच्या उजेडात किती पेशी दिसतात ते मोजायचं. १६ ते २५ असतील तर दोन प्लस, २६ ते ५० असतील तर तीन प्लस. गूळवाल्यांच्या डोळ्यात तीन प्लस होतं. बाहुली गोल राहिली नव्हती. आयरिसचा रंगीत पडदा मागच्या भिंगाला दोन ठिकाणी चिकटला होता आणि बाहुली तिथं ओढल्यासारखी झाली होती.

निदान : अॅक्यूट अँटिरिअर युव्हिआयटिस, जुन्या भाषेत आयरायटिस. डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या थराच्या पुढच्या भागाला आलेली सूज. उपचार ठरलेला. प्रेडनिसोलोन अॅसिटेट एक टक्का, म्हणजे स्टेरॉइडचे थेंब, दर तासाला, बाहुली मोठी ठेवणारं होमॅट्रोपिन, मग सूज उतरेल तसे पाच-सहा आठवड्यांत थेंब हळूहळू कमी करायचे. रंगाचा थेंब घालून कॉर्नियावर हर्पिस विषाणूची फांदीसारखी जखम नाही याची आधी खात्री केली, कारण तशी जखम असताना स्टेरॉइड घातलं तर डोळ्याचं वाटोळं होतं.

आधीच्या तीन वेळा विचारल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी गुऱ्हाळात शिरलं होतं तेव्हा उजवा. २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊन, गुळव्या (गूळ बनवणारा कारागीर) आणि चुलवाणावरची, म्हणजे भट्टीवरची, माणसं गावाला अडकलेली, तेव्हा डावा. २०२१ च्या जुलैअखेरीस पुन्हा पूर, पुन्हा उजवा. आणि आता भागीदाराशी हिशेबावरून वाद. दर वेळी कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, टेन्शन घेऊ नका. कुणी ते मी लिहीत नाही. मीही त्याच रांगेत उभी राहिले. चार घटना आणि चार संकटं इतकी नीट जुळलेली होती की पेन आपोआप ‘ताण’ लिहून गेलं.

पुराचं ऐकल्यावर एक शंका मात्र घेतली होती, लेप्टोस्पायरोसिसची. पुराच्या पाण्यातून, उंदरांच्या लघवीतून पसरणारा हा आजार पुढे डोळ्यात सूज आणू शकतो. १९९३ मध्ये मदुराई भागात पूर येऊन गेल्यावर तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांची लाटच पाहिली होती. पण ही सूज ताप येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी, महिन्यांनी येते. गूळवाल्यांचा डोळा पाणी अंगणात असतानाच सुजला होता, आधी ताप नव्हता आणि पुढच्या खेपेला पूर नसताना दुसरा डोळा सुजला. हिशेब बसत नव्हता. क्षयाची आणि सिफिलिसची तपासणी, छातीचा एक्स-रे हेही केलं, आपल्याकडे ते टाळून चालत नाही. त्यात काही मिळालं नाही.

इथं मी थांबायला नको होतं, पण थांबले.

पाठ

डिसेंबरात डोळा पुन्हा लाल. गूळवाल्यांच्या हिशेबानं ही पाचवी वेळ आणि याचंही कारण तयार होतं, बाजारात गुळाचा दर उतरला होता. या वेळी वहिनी सोबत आल्या होत्या. थेंबांची बाटली त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. जवळजवळ भरलेली. अकराव्या दिवशी डोळा पांढरा दिसला म्हणून थेंब बंद केले होते.

म्हणजे ही पाचवी वेळ नव्हतीच. २००५ मध्ये युव्हिआयटिसच्या तज्ज्ञांनी जगभर एकच भाषा असावी म्हणून व्याख्या ठरवल्या. त्यानुसार औषध बंद करून निदान तीन महिने डोळा शांत राहिला आणि मग सूज आली तरच तिला नवा झटका म्हणायचं. इथं जुनीच आग होती, वरची राख तेवढी पांढरी झालेली.

बाटली हातात घेतली तर तळाशी पांढरा साका. प्रेडनिसोलोन अॅसिटेट पाण्यात विरघळत नाही, ते तरंगत राहतं, म्हणून दर वेळी बाटली चांगली हलवावी लागते. न हलवता घातलं तर वरचं पाणी डोळ्यात जातं आणि औषध तळाशी राहतं. “हलवायची असते?” गूळवाले म्हणाले. चिठ्ठीवर मी ते लिहिलं होतं, इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात.

मग त्यांच्या दिवसाचा हिशेब काढला. पहाटे चारला पहिलं आधण. काहिलीत रस उकळायला लागला की मळी काढायची, गुळव्याच्या नजरेकडे लक्ष ठेवायचं, चिपाड संपत आलं की ओरडायचं, वाफ्यात गूळ ओतला की पुढचं आधण. हाताला काकवी, डोक्याला घाम, समोर चुलवाणाची धग. त्यात दर तासाला पापणी ओढून थेंब घालायचा. होमॅट्रोपिननं बाहुली मोठी झालेली, त्यामुळे जाळाकडे बघवत नाही आणि जवळचं वाचता येत नाही, हिशेबाची वही तर नाहीच नाही. माणूस औषध टाळणार नाही तर काय करणार?

गूळवाल्यांना ‘तुमच्या टेन्शनमुळे डोळा येतो’ हे पटलं होतं. मला पहिल्यांदा दिसलं की टेन्शन आणि डोळा यांच्यामध्ये एक बाटली उभी आहे. ताणाचे आठवडे हेच थेंब बुडण्याचे आठवडे होते. ताण थेट बाहुलीत शिरला की चुकलेल्या थेंबांच्या वाटेनं आला, हे नुसत्या तारखा जुळवून कळत नाही.

उठता उठता वहिनी म्हणाल्या, “आणि ह्यांच्या पाठीचं पण टेन्शनच हाय म्हणत्यात. सांगून सांगून मी दमलो म्याडम, दाखवा एकदा.”

पाठीचं काय, म्हणून विचारलं. सकाळी उठल्यावर तास-सव्वा तास कंबर लाकडासारखी. वाकून चप्पल घालता येत नाही. कामाला लागलं की मोकळी होते. रविवारी आराम केला की उलट जास्त धरते. पहाटे तीनला जाग येते ती कंबरेच्या दुखण्यानं, उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. सात-आठ वर्षं असंच. गुळाचे रवे उचलून पाठ गेली असं घरच्यांचं मत, ताणामुळे स्नायू आखडतात असं आणखी कुणाचं. तेल, शेक, गोळी.

ओझं उचलून गेलेली पाठ कामानं बिघडते आणि आरामानं सुधारते. ही बरोबर उलटी होती. चाळिशीच्या आत सुरू झालेली, आरामात वाढणारी, हालचालीनं सैल होणारी कंबरदुखी आणि आलटून पालटून एकेका डोळ्याला येणारी सूज. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षातला पोरगाही ही जोडी ओळखतो. मी पाठीबद्दल विचारलंच नव्हतं. कारण लिहून झालं होतं ना, ताण म्हणून.

एचएलए-बी२७, म्हणजे रक्तात तपासली जाणारी एक जनुकीय खूण, पॉझिटिव्ह आला. एमआरआयमध्ये कंबरेच्या खालच्या सांध्यांना, म्हणजे सॅक्रोइलिअॅक सांध्यांना सूज. सांधेविकारतज्ज्ञांनी निदान केलं अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस गटातल्या, मणक्याच्या सांध्यांना सूज आणणाऱ्या आजाराचं. बी२७ आणि हा आजार, तसंच बी२७ आणि डोळ्याची ही सूज, हे दोन्ही संबंध १९७३ मध्येच दाखवले गेले होते. बी२७ असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, हेही खरं. त्यामुळे नुसता रिपोर्ट पाहून कुणी घाबरू नये. पण डब्लिनच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात अशी अचानक डोळ्याची सूज घेऊन आलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना मणक्याचा हा आजार होता आणि तो तोवर कुणी ओळखलेला नव्हता. डोळ्याच्या डॉक्टरनं कंबरेबद्दल दोन प्रश्न विचारले असते तर तो दारातच सापडला असता.

कॅलेंडर

गूळवाले रिपोर्ट ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे टेन्शनचा संबंध न्हाई?”

खरं उत्तर इतकं सरळ नाही. ताणाचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध आहे, त्यात आता वाद उरलेला नाही. १९९५ मधला एक छोटा पण छान अभ्यास आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. कशामुळे, तर ताणात कॉर्टिसॉल वाढतं. हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, माझ्या बाटलीतल्या थेंबांचं सख्खं भावंड. थोड्या वेळच्या ताणात ते सूज दाबतंच. मग ताणानं सूज वाढावी कशी? महिनोन्‌महिने ताण राहिला की पेशी कॉर्टिसॉलचं ऐकेनाशा होतात. रोज ओरडणाऱ्या मालकाकडे गडी लक्ष देईनासे होतात, तसंच. ही वाट शक्य आहे. पण शक्य असणं वेगळं आणि या माणसाच्या या डोळ्यात तसं घडलं असं म्हणणं वेगळं. युव्हिआयटिस आणि ताण यांवरचे अभ्यास लहान आहेत, बहुतेक आठवणीवर उभे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एका दिशेला जात नाहीत. उलट्या दिशेचा संबंध मात्र पक्का : वारंवार डोळा सुजणाऱ्यांमध्ये चिंता आणि उदासी जास्त दिसते. त्यात नवल काय, नजर जाईल की काय या धास्तीत कोण निवांत झोपेल?

आठवणीवर विसंबण्यात काय घोळ होतो ते डोळ्याच्याच दुसऱ्या आजारात दिसलंय. हर्पिसची डोळ्यातली जखम ताणानं उलटते असा सगळ्यांचा, डॉक्टरांचाही, समज. अमेरिकेत ३०८ रुग्णांना दर आठवड्याला ताणाची नोंद लिहून पाठवायला सांगितलं. २००० साली निकाल छापला. डोळा बिघडण्याआधी लिहून पाठवलेल्या नोंदी पाहिल्या तर ताणाचा आणि आजार उलटण्याचा संबंध सापडला नाही. डोळा बिघडल्यावर भरलेल्या नोंदींत मात्र ताणाचे आकडे चढे होते. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. डोळा दुखायला लागला की मागचा आठवडा आपोआप वाईट आठवतो. हर्पिस वेगळा आजार, बी२७ ची सूज वेगळी, त्यामुळे तो निकाल उचलून इथं चिकटवायचा नाही. पण युक्ती उचलायला हरकत नव्हती.

वहिनींना काम दिलं. दर रविवारी रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पाच गोष्टी : ताण दहापैकी किती, झोप किती तास, पाठ सकाळी किती मिनिटं धरली, ताप-सर्दी-घसा, औषध चुकलं का. आणि डोळा बरा असो नसो, सोमवार उजाडायच्या आत फोटो माझ्या व्हॉट्सअॅपवर. फोटोची वेळ बदलता येत नाही, म्हणून तो आग्रह. आकडा गूळवाल्यांनी सांगायचा, लिहायचा वहिनींनी. पहिल्या काही आठवड्यांत दोघांची त्यावरून भांडणं झाली. “पाच म्हणत्यात हे, तोंड बघा की आठचं हाय.” मी सांगितलं, ते म्हणतील तेच लिहा. कंसात वहिनी आपला आकडा लिहायच्याच.

जानेवारी २०२३ ते मार्च २०२४, ६१ रविवार. तीन चुकले, ५८ आले. त्या काळात सांधेविकारतज्ज्ञांनी दिलेली सल्फासालाझिन ही सूज दाबणारी गोळी सुरू होती, कंबरेचे व्यायाम सुरू होते. जानेवारीतच उजव्या डोळ्याचा दाब २७ निघाला. २१ च्या वर तो नको असतो. खोदून विचारल्यावर कळलं की मागची तीन वर्षं डोळा जरा चुरचुरला की घरातली जुनी स्टेरॉइडची बाटली काढून दोन-चार दिवस घालायचे, आणि स्टेरॉइडनंच डोळ्याचा दाब चढू शकतो. ‘टेन्शनचा डोळा’ म्हटल्यावर डॉक्टरकडे कशाला जायचं, हा सरळ विचार. दाबाचे थेंब लावले, जुन्या बाटल्या मागवून फेकल्या. सात निघाल्या.

आता नोंदी. ताण ७ किंवा वर असलेले रविवार ९. झटके दोन. पहिला ऑगस्ट २०२३ मध्ये, डावा डोळा. आधीच्या दोन रविवारी ताण ३ आणि २, गुऱ्हाळ बंद, घरात सगळं ठीक. फक्त एका चौकटीत लिहिलेलं, ‘घसा, ताप २ दिवस’. दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये, उजवा. ताण ८, झोप चार तास. आणि त्याच चौकटीत, ‘गोळ्या ३ आठवडे नाहीत, पोटात जळजळ म्हणून’.

हिशेबी वाचक लगेच म्हणेल, ताणाच्या ९ आठवड्यांत १ आणि बाकीच्या ४९ त १, म्हणजे पारडं ताणाकडेच झुकतंय की. मान्य. पण दोन झटक्यांवर पारडं लावायचं नसतं, आणि त्यातल्या एका पारड्यात बुडालेल्या गोळ्यांचंही वजन आहे. या नोंदीतून ताण निर्दोष ठरत नाही. दोषीही ठरत नाही.

मला जे मिळालं ते वेगळंच. डिसेंबरच्या झटक्याला गूळवाले खुर्चीत बसून म्हणाले, “बँकेची नोटीस आलती तवा पण असाच आलता बघा.” मी मोबाइल काढला. नोटीस मे महिन्यात आलेली. त्या रविवारची चौकट : ताण ९, कंसात वहिनींचा १०, झोप तीन तास. पुढचे सहा रविवार पाहिले. डोळा चांगला. त्यांनी मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, वहिनींकडे पाहिलं. “मग मला कसं आठवतंय?” खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं आठवत होतं. ताणाच्या नऊपैकी आठ आठवड्यांत डोळ्याला काही झालं नव्हतं आणि त्यातला एकही त्यांच्या लक्षात नव्हता. न घडलेल्या गोष्टीची तारीख कोण लक्षात ठेवतं? गुऱ्हाळवाल्याला दसऱ्यापासून मार्चपर्यंत बिनताणाचा आठवडा दाखवा म्हटलं तर दाखवता यायचा नाही. डोळा कधीही सुजो, शेजारी एखादं संकट उभं असणारच.

ताणाकडे दुर्लक्ष मी करत नाही. उलट पूर्वीपेक्षा जास्त विचारते, फक्त प्रश्न बदलला. ‘टेन्शन आहे का’ विचारत नाही. या महिन्यात काय धावपळ आहे आणि त्यात थेंब कोण घालणार, हे विचारते. गूळवाल्यांच्या बाबतीत ते काम गुळव्यानं उचललं. साठीचा माणूस, काहिलीतला गूळ बोटानं पारखणारा. मोबाइलचा गजर झाला की हात धुतो, बाटली मोजून दहा वेळा हलवतो, मालकाची मान मागं करून थेंब सोडतो. डिसेंबरचा झटका आला त्याच संध्याकाळी माझ्याकडे आले होते, पेशी एक प्लस, नवीन चिकटणं नाही. थेंब पूर्ण सहा आठवडे झाले. गोळ्या जेवणानंतर घ्यायला लागल्यापासून जळजळही कमी आहे. झटके असेच येत राहिले तर अॅडॅलिम्युमॅब या सूज रोखणाऱ्या इंजेक्शनचा विचार करू असं सांधेविकारतज्ज्ञ म्हणालेत. २०१४ पासून आपल्याकडे त्याची देशी आवृत्ती मिळते, तरी खर्च गुळाच्या दराकडे बघूनच ठरवावा लागेल.

उजवी बाहुली अजून थोडी वाकडी आहे, ती तशीच राहील. नजर ६/६. सकाळची पाठ आता पंधरा-वीस मिनिटं धरते.

परवा चष्म्याच्या नंबरासाठी वहिनी एकट्याच आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, धाकटे दीरही सकाळी उठले की भिंतीला धरून उभे राहतात, वय सत्तावीस, त्यांना वाटतंय लग्न जमत नाही त्याचं टेन्शन असेल. शनिवारी घेऊन या म्हटलंय.